देवगिरीचे अकौंटंट

मी एके काळी ऑर्केस्ट्रात होतो, हे मी अजूनही चार माणसांत सांगतो. ऐकणारा सावरून बसतो आणि विचारतो, "गात होता?" मी म्हणतो, "नाही." "मग अकॉर्डियन?" "नाही." "गिटार तरी?" "नाही." इथपर्यंत त्याच्या चेहऱ्यावरचा आदर निम्म्यावर आलेला असतो. "ट्रँगल वाजवत होतो," असं सांगितलं की उरलेला निम्माही तो परत घेतो आणि विचारतो, "म्हणजे ती लोखंडाची सळई?"

त्याचा मला राग येत नाही. आमच्या घरातही माझ्या कलेबद्दल फारसं वेगळं मत नाही. सौ.चं म्हणणं असं, की पातेल्यावर सांडशी आपटली तरी तोच आवाज निघतो, आणि त्यासाठी रात्री दोन वाजेपर्यंत घराबाहेर राहावं लागत नाही.

१९७० नंतरच्या पंधरा-वीस वर्षांत आपल्याकडे 'ऑर्केस्ट्रा' या शब्दाला एकच अर्थ होता. गणपतीच्या दिवसांत मांडव, मांडवात स्टेज, स्टेजवर झगमगीत कोट घातलेले दोन गायक, जरीच्या साडीतली एक गायिका आणि हिंदी सिनेमाची गाणी. गायकांच्या मागे अकॉर्डियन, गिटार आणि मेंडोलिन. त्यांच्याही मागे, जिथे दिव्याचा उजेड पोचत नाही आणि चहाचा कप शेवटी पोचतो, तिथे आम्ही. ढोलकी, तबला, बोंगो, तुंबा आणि सगळ्यात टोकाला 'साइड रिदम'. साइड रिदम म्हणजे खुळखुळा, खंजिरी, घुंगरू, खरवडायचं ते रेसो-रेसो आणि ट्रँगल. ही सगळी इस्टेट माझ्या ताब्यात होती. ती एका किराणाच्या पिशवीत मावायची.

ऑर्केस्ट्रात माझी निवड झाली ती संगीताच्या बळावर नाही. मी एका सरकारी कचेरीत अकौंटंट होतो आणि संध्याकाळी त्या मंडळींचा जमाखर्च लिहून देत असे. एकदा साइड रिदमवाला तापाने आडवा झाला. ढोलकीवाले मामा (ते नक्की कोणाचे मामा होते हे कोणालाच माहीत नव्हतं) माझ्याकडे बघून म्हणाले, "साहेब, मोजता येतं का तुम्हाला?"

म्हटलं, "मामा, मी अकौंटंट आहे."

"मग या. गाणारे ढिगानं मिळतात. गप बसून मोजणारा मिळत नाही."

आमच्या विद्येचं सगळं सार या एका वाक्यात आहे, हे तेव्हा कळलं नाही. मामांनी मला दोनच गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे ट्रँगल दोरीनेच धरायचा. हाताने धरला की नाद मरतो आणि 'टिंग'च्या जागी 'खट्' असा आवाज येतो. दुसरी गोष्ट म्हणजे पंधरा मात्रा गप्प बसायचं आणि सोळावीला वाजवायचं. ऐकायला सोपं आहे. पण पुढे गायिका जीव तोडून गात असताना, डास चावत असताना आणि पहिल्या रांगेत आपला वरिष्ठ अधिकारी सहकुटुंब बसलेला असताना पंधरा मात्रा गप्प बसून बघा! पहिल्याच कार्यक्रमात, एका अत्यंत करुण गाण्यात, माझा ट्रँगल पंधरावीलाच वाजला. गायिकेनं मान वळवली. त्याच क्षणी मामांनी ढोलकीवर अशी काही तिहाई घेतली, की माझी चूक म्हणजे त्या तिहाईची मुद्दाम केलेली सुरुवातच वाटावी. टाळ्या पडल्या. त्या मामांच्या होत्या, पण अंधारात कोणाच्या ते कळत नाही आणि मीही थोडी मान लववून घेतली.

पुढे ऑर्केस्ट्रे ओसरले, मी निवृत्त झालो आणि ट्रँगल माळ्यावर गेला. हे सगळं उकरून निघालं ते नातवामुळे. त्याने मोबाईलवर मला एक परदेशी वाद्यवृंद दाखवला. व्होर्झाकची १८९३ सालची 'न्यू वर्ल्ड' सिंफनी. पाऊणएक तासाचं काम, आणि झांजवाल्याच्या वाट्याला त्यात एकच टोला. तोही शेवटच्या भागात आणि तोही हलकाच. बाकीचा वेळ तो माणूस मांडीवर झांजा ठेवून, सूट घालून, मोजत बसतो. नातू हसत सुटला. म्हणाला, "आजोबा, याला पगार कशाचा देतात?" मला मात्र गहिवरून आलं. म्हटलं, "बाळा, टोल्याचा नाही. न मारलेल्या टोल्यांचा!"

निवृत्त माणसाला नाद लागायला एवढं कारण पुरतं. मी पुस्तकं आणायला लागलो. आणि काय सांगू, जो तो वाद्यवृंद मी परदेशी म्हणून बघत होतो, त्याची मागची रांग आमच्या बाजूच्या ओळखीचीच निघाली!

त्या रांगेत तांब्याच्या मोठाल्या कढयांना कातडं ताणून केलेली वाद्यं असतात, ती टिंपनी. हा आपला नगारा. मूळ अरबी नाव नक्कारा. धर्मयुद्धांच्या काळात, तेराव्या शतकात, त्याची लहान जोडी युरोपात गेली आणि इंग्रजांनी तिचं 'नेकर्स' करून टाकलं. मोठी जोडी मागाहून गेली. १४५७ साली हंगेरीच्या राजाचे वकील फ्रान्सला गेले तेव्हा घोड्यांवर लादलेल्या त्या कढया बघून तिथले लोक थक्क झाले, अशी नोंद आहे. पुढे कढयांना स्क्रू बसले, मग पायाने दाबायची पेडलं आली आणि वाजवता वाजवता सूर बदलता येऊ लागला. पण जोडी ती जोडीच राहिली, आणि बराच काळ तिचा एक नगारा षड्जात आणि दुसरा पंचमात लावायची वहिवाट होती. मधूनच टिंपनीवाला कातड्याशी कान नेऊन वाकतो. प्रेक्षकांना वाटतं डुलकी लागली. तो बिचारा सूर तपासत असतो.

माझ्या ट्रँगलचंही असंच. अठराव्या शतकात युरोपात तुर्की लष्करी बँडची फॅशन आली. तिचा हात धरून मोठा ढोल, झांजा आणि ट्रँगल हे त्रिकूट वाद्यवृंदात शिरलं. मोझार्टने १७८२ च्या एका ऑपेरात त्यांना घेतलं, हायडनने १७९४ च्या 'मिलिटरी' सिंफनीत आणि बेथोव्हेनने १८२४ च्या नवव्या सिंफनीत. लिझ्टने तर १८५५ साली प्रथम वाजवलेल्या आपल्या पियानो कॉन्चर्टोत ट्रँगलला चक्क उजेडात आणून बसवलं. त्यावर व्हिएन्नाचा हान्सलिक नावाचा समीक्षक भडकला आणि त्याने त्या रचनेचं 'ट्रँगल कॉन्चर्टो' असं नाव ठेवून टर उडवली. हे मी मोठ्या उत्साहाने सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "शहाणा दिसतोय माणूस."

आता हा सगळा शोध मी ज्या गावात बसून लावत होतो, त्या गावाचं बघा. १६१० साली मलिक अंबरने वसवलेल्या खडकीचं फत्तेनगर झालं, फत्तेनगरचं औरंगाबाद झालं आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. नावं बदलली, दरवाजे राहिले. त्यातला किले अर्कचा नौबत दरवाजा मी नोकरीच्या काळात कित्येक वेळा सायकलवरून पार केला असेल. पण नौबत म्हणजे त्या काळचा पर्कशन सेक्शन, हे कधी डोक्यात आलं नाही. मोगलांच्या नक्कारखान्याची यादी अबुल फज्लने 'ऐन-इ-अकबरी'त दिली आहे. अठराएक जोड्या मोठे दमामे, वीसएक नगारे, ढोल, झांजांच्या जोड्या, शिवाय कर्णे आणि सनया. अकबर बादशहा स्वतः नगारा उत्तम वाजवायचा, असंही त्याने लिहून ठेवलंय. म्हणजे मागच्या रांगेत बसणाऱ्यांत एक बादशहाही होता! आमच्या रायगडावरही राजसभेत जायचं ते नगारखान्याखालूनच. राजा केव्हा उठला, केव्हा दरबारात बसला, हे गावाला नगारा सांगायचा. राजा दिसायचा मूठभरांना, नगारा ऐकू यायचा सगळ्यांना.

पण खरी गंमत नौबत दरवाज्यात नाही. ती गावाबाहेर, पंधराएक किलोमीटरवर, देवगिरीच्या किल्ल्याशी आहे. इब्न बतूता चौदाव्या शतकात तिथे आला तेव्हा गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा एक वेगळा बाजारच होता, तरबाबाद नावाचा. त्यांचा मुख्य दर गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर मधल्या मंडपात बसायचा आणि एकेक मेळ येऊन कला दाखवून जायचा. आपल्या ऑर्केस्ट्राचीच तऱ्हा! फरक एवढाच, की वर्गणीची पावती नव्हती.

त्याच्याही शंभरएक वर्षं आधी, तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, सिंघण यादवाच्या दरबारी शार्ङ्गदेव नावाचा एक गृहस्थ होता. याचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले. वडील यादवांच्याच चाकरीत. या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. सात अध्याय, हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्हीकडचे पंडित आजही त्याचा आधार घेतात. त्यातला पाचवा अध्याय सबंध तालाचा, सहावा वाद्यांचा. हे सगळं मी आदराने वाचत होतो. पण हा माणूस पोटासाठी काय करत होता, हे वाचलं आणि खुर्चीतून उठलो. श्रीकरणाधिप! म्हणजे राज्याच्या हिशेब-दप्तराचा मुख्य. पुढे हेमाद्री पंडित ज्या जागेवर बसला, तीच ही जागा. वाचकहो, भारतीय संगीताचा सगळ्यात मोठा ग्रंथकार अकौंटंट होता!

मी हे सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "पण त्याला जमलं."

आणि पुस्तकही हिशेबनिसाचंच आहे. सगळं मोजलेलं. वाद्यांचे चार वर्ग: तारांचं ते तत, फुंकायचं ते सुषिर, कातडं मढवलेलं ते अवनद्ध आणि धातूवर धातू आपटायचा ते घन. हे चार कप्पे भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातले. तिथे एक सुंदर कथाही आहे: स्वाती नावाचे ऋषी तळ्यावर पाणी आणायला गेले, पाऊस आला, आणि कमळाच्या लहान-मोठ्या पानांवर थेंबांचे वेगवेगळे आवाज ऐकून त्यांना मढवलेली वाद्यं सुचली. १८८० साली ब्रसेल्सच्या वाद्यसंग्रहालयाची यादी करताना माहिलाँ नावाच्या अधिकाऱ्याने हेच चार वर्ग उचलले. तिथे कलकत्त्याच्या सौरींद्रमोहन टागोरांनी पाठवलेली वाद्यं येऊन पडली होती, आणि ती युरोपच्या जुन्या कप्प्यांत बसेनात. पुढे १९१४ साली दोघा पंडितांनी त्यावरूनच जगभर चालणारी पद्धत बसवली. शार्ङ्गदेवाने आपल्या कप्प्यांत एकेक वाद्य नोंदवलं. पटह, मर्दल, हुडुक्का, डमरू, दुंदुभी, भेरी. घन वाद्यांत कांस्यताल, घंटा, जयघंटा. माझ्या किराणाच्या पिशवीची यादी सातशेहून अधिक वर्षांपूर्वी इतक्या इतमामाने कोणी केली असेल, असं वाटलं नव्हतं.

मग ते पान आलं. वृंद कसा असावा, याचं पान. आपण 'वाद्यवृंद' म्हणतो तोच हा वृंद. उत्तम वृंदात मुख्य गायक चार, त्यांना साथ देणारे आठ, गायिका बारा, बासरीवाले चार आणि मर्दल वाजवणारे चार. बेरीज बत्तीस. याहून जास्त माणसं गोळा केली तर त्याला त्याने नाव दिलंय 'कोलाहल'. गणपतीतल्या कित्येक मांडवांवर हा शब्द पाटी करून लावावा असा आहे.

मी हसलो आणि लगेच हसायचा थांबलो. तालवाले चार. हा आकडा मला माहीत होता. कारण तो मी एकदा खोडला होता.

१९८५ साली रोलंड या जपानी कंपनीचा ऑक्टोपॅड निघाला. आठ रबरी चौकोन. काठी मारली की एकातून ढोल, दुसऱ्यातून बोंगो, तिसऱ्यातून झांज, आणि कुठून तरी ट्रँगलसुद्धा. दोनतीन वर्षांत तो आमच्याकडच्या स्टेजवर आला. आमच्या मालकांनी एके संध्याकाळी मला विचारलं, "साहेब, हिशेब करून सांगा, परवडेल का?" मी वही काढली. ढोलकी, तबला, बोंगो-तुंबा, साइड रिदम: माणसं चार. चौघांचं मानधन, चौघांचं जेवण, चौघांची एस.टी. दुसऱ्या बाजूला ऑक्टोपॅडवाला पोरगा एक. बेरीज-वजाबाकी दहा मिनिटांची. मी खाली दोन रेघा मारल्या आणि म्हणालो, "परवडतं."

चौघांत मी स्वतःलाही धरलं होतं, असं मी इतकी वर्षं मनाशी म्हणत आलो. ते खरं आहे. पण मला एक तारखेला पगार होता. मामांना नव्हता.

मामा कुठे भांडले नाहीत. ढोलकी गुंडाळली आणि लग्नाच्या बँडात लागले. पुढे घरीच ढोलक्या-तबल्यांना पानं चढवून द्यायला लागले. शाई भरणं, कड्या ओढणं, सूर मिळवून देणं. ऑक्टोपॅडला कातडं नसतं, त्यामुळे त्याचीही गिऱ्हाइकं कमीकमीच होत गेली. त्यांचं नाव कुठे छापलेलं नाही. पण तसं मुंबईच्या मोठ्या मंडळींचं तरी कुठे होतं? दत्ताराम वाडकरांच्या ठेक्याला वाजवणारे आजही 'दत्ताराम ठेका' म्हणतात, मारुतीराव कीर आर. डी. बर्मनच्या तालाचा कणा होते, कावस लॉर्डनी बोंगो-काँगो सिनेमात रुजवले. पण तबकडीवरच्या गोल कागदावर गायक, संगीतकार, गीतकार आणि चित्रपट! मागची रांग तिथेही अंधारातच.

मागच्या महिन्यात मी मामांकडे गेलो. नव्वदीला टेकलेत. ऐकू कमी येतं, पण दारावरची माझी टकटक ऐकून आतून म्हणाले, "अकौंटंट साहेब आले का?" मी विचारलं, "कसं ओळखलं?" म्हणाले, "घाईत वाजवता."

चहा झाला. मी मोबाईलवर त्यांना आमच्याच गावच्या लेण्यांतलं, सातव्या लेण्यातलं ते शिल्प दाखवलं. मधे नाचणारी स्त्री आणि दोन्ही बाजूंना मिळून सहा वादक, सगळ्या बायका. चौदाशे वर्षांच्या आसपासचं काम. लोक नर्तकीकडे बघतात. मामांनी चष्मा सरकवून ताल धरणाऱ्या बाईवर बोट ठेवलं. बराच वेळ बघून म्हणाले, "ही बाई थांबेल आहे. हात वर आहे, पण घाई नाही तिला. मोजू राहिली."

मग मी त्यांना शार्ङ्गदेवाचं सांगितलं. देवगिरीचा अकौंटंट, बत्तीस माणसांचा वृंद, त्यात तालवाले चार, हे त्याने ग्रंथात लिहून ठेवलंय. आणि तेवढ्याच दमात सांगून टाकलं, की तुमचे चार मी खोडले होते. ती वही माझी होती.

मामा काही बोलले नाहीत. मला वाटलं ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगायला तोंड उघडलं तर म्हणाले, "ठाऊक होतं की. मालकाला कुठं येत होती बेरीज?" आणि मग जरा पुढे वाकून विचारलं, "त्या देवगिरीवाल्यानं चौघांचा पगार किती लिहिलाय?"

"पगार नाही लिहिलेला, मामा."

"हां! म्हंजे अकौंटंटच होता."

दोघंही हसलो. मला जरा जास्तच हसू आलं. डोळे पुसावे लागले. मामांनी कोपऱ्यातली दुरुस्तीला आलेली ढोलकी ओढून मांडीवर घेतली. दोन्ही पानांवर थाप मारून बघितली. बोटं वाकडी झाली आहेत, पण आवाज सरळ होता. मला म्हणाले, "पिशवी आणली का?"

मी आणली होती. माळ्यावरून काढून, गंज पुसून, नवी दोरी बांधून. सौ.नेच बांधून दिली होती, काही न बोलता.

"मोजा," मामा म्हणाले आणि ठेका सुरू केला.

मी ट्रँगल दोरीला धरला आणि मोजायला लागलो. एक, दोन, तीन... खोलीत पंख्याचा आवाज, बाहेर रिक्षा आणि मधे तो ठेका. बारा. तेरा. मला एकाएकी आठवलं, की त्या पहिल्या रात्रीच्या टाळ्यांना मीही मान लववली होती. चौदा. आणि पुढच्या मात्रेला टिंग झालं.

मामांनी ढोलकी थांबवली नाही. तीच ती तिहाई घेतली, समेवर आले आणि हात कातड्यावर ठेवून म्हणाले,

"एक शिल्लक ठेवली, साहेब. पुढल्या खेपेला या ती घेऊन."